कल्ल्यांवरच्या गाठी आणि पहाटेची मरतूक : एका जलाशयातला प्रकरण अभ्यास

या लेखातून जलाशय, संस्था आणि माणसं ओळखू येतील असे तपशील काढून टाकले आहेत. भर आहे तो निर्णय कसे घेतले गेले यावर.

पार्श्वभूमी

धरणामागचा मध्यम आकाराचा जलाशय. त्यातले मासे बहुतांशी नैसर्गिकरीत्या वाढणारे: कार्प कुळातल्या काही जाती, कॅटफिश आणि काठालगतच्या उथळ पाण्यातले छोटे मासे. अधूनमधून मत्स्यबीज सोडलं जायचं, पण मासेमारी चालायची ती मुख्यतः या जंगली साठ्यावर.

उन्हाळा तोंडावर आला आणि पाणी उतरू लागलं, तसे फुगवट्याच्या टोकाला, जिथे ओढा येऊन मिळतो त्या भागात, मेलेले मासे तरंगताना दिसू लागले. आधी थोडे, मग रोज. मच्छीमारांनी त्यातले काही मासे उचलून दिले आणि सोबत तीन गोष्टी सांगितल्या. मरणाऱ्यांत एकच जात नाही. पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड वासून उभे राहतात. आणि हे सगळं अचानक सुरू झालं, गेल्या काही दिवसांतच. ही माहिती नमुन्यांसोबतच्या कागदावर पहिल्याच परिच्छेदात लिहिली गेली. पुढे तिचं काय झालं ते येईलच.

मासे १० टक्के फॉर्मेलिनमध्ये घालून प्रयोगशाळेत पाठवले गेले. तिथे कल्ल्यांचे पातळ छेद घेतले, रंगवले, तपासले. कल्ल्यांच्या पदरांमध्ये पांढऱ्या गाठी होत्या आणि त्या गाठी मिक्सोबोलस या परजीवीच्या बीजाणूंनी ठासून भरलेल्या होत्या. लंबगोल, साधारण १० मायक्रोमीटरचे बीजाणू, एका टोकाला शेजारी शेजारी बसलेल्या दोन ध्रुवीय कुप्या. ओळखण्यात शंका नव्हती. अहवालात लिहिलं गेलं: मिक्सोबोलसमुळे झालेला कल्ल्यांचा रोग.

अडचण

अहवाल येताच पहिली मागणी झाली ती पाण्यात औषध टाकण्याची. ती समजण्यासारखी होती. रोज मासे मरत असताना हातावर हात ठेवून बसणं कुणालाच जमत नाही. पण मिक्सोबोलसवर खुल्या जलाशयात वापरता येईल असं औषध नाही. त्याच्या बीजाणूंचं कवच जाड असतं आणि ते चिखलात दीर्घकाळ टिकतात.

याहून मोठी अडचण निदानातच होती. अहवालात चूक काहीच नव्हती. गाठी होत्या, बीजाणू होते. पण मरतुकीचं जे चित्र काठावर दिसत होतं, ते या परजीवीशी जुळत नव्हतं.

मिक्सोबोलस हा मिक्सोझोआ गटातला. हे सूक्ष्म जीव जेलीफिशच्या नात्यातले आहेत. त्यांच्या ध्रुवीय कुप्या म्हणजे जेलीफिशच्या दंशपेशींचंच रूप. या गटातल्या मिक्सोबोलस सेरेब्रॅलिसचं वर्णन १९०३ साली झालं. ट्राउट-सामन कुळातल्या पिल्लांना गरगर फिरायला लावणारा रोग त्याच्यामुळे होतो. तो माशाकडून माशाकडे थेट जात नाही, मध्ये चिखलात राहणारा ट्युबिफेक्स जातीचा कृमी लागतो, हे मात्र १९८४ साली वुल्फ आणि मार्कीव यांनी दाखवून दिलं, म्हणजे जवळपास ८० वर्षांनी. जीवनचक्र असं दोन यजमानांत वाटलेलं असेल, तर थोड्या दिवसांत मरतूक भडकणं अवघड असतं. शिवाय गाठ पिकून बीजाणूंनी भरायला आठवडे, कधी महिने लागतात. छेदांमधल्या गाठी पिकलेल्या होत्या. म्हणजे माशांनी हा संसर्ग बराच काळ अंगावर वागवला होता आणि तरी ते जगत होते.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटतो. मिक्सोबोलसच्या बहुतेक जाती यजमानाच्या बाबतीत चोखंदळ असतात. एखाद्या माशावर किंवा त्याच्या जवळच्या नातलगांवर त्या वाढतात. इथे कार्पही मरत होते, कॅटफिशही आणि काठचे छोटे मासेही. मच्छीमारांनी पहिल्या दिवशी सांगितलेली गोष्ट निदानाच्या वेळी समोर असती, तर अहवालातला तो ठाम शब्द लिहिताना हात थांबला असता.

समोर असलेले पर्याय

तपास करणाऱ्या पथकाने चार वाटांवर विचार केला.

एक, निदान मान्य करून वाट पाहायची. पाऊस पडला की पाणी वाढेल, गर्दी मोडेल. खर्च शून्य, पण मधल्या काळात काय होईल याची कसलीच कल्पना नाही.

दोन, बीजाणूंचा डीएनए तपासून जात नक्की करायची. वैज्ञानिकदृष्ट्या हे काम मोलाचं होतं, पण त्याने ‘हा कोण’ याचं उत्तर मिळालं असतं. ‘मारतोय कोण’ याचं नाही. शिवाय फॉर्मेलिनमध्ये ठेवलेल्या ऊतींमधला डीएनए तुटतो. त्यासाठी नमुने अल्कोहोलमध्ये ठेवायला हवे होते आणि तसे ठेवलेले नव्हते.

तीन, रसायनं. फॉर्मेलिन आणि मोरचूद ही दोन्ही बंदिस्त तळ्यांत बाह्य परजीवींवर वापरली जातात. पण जलाशय म्हणजे तळं नव्हे. मोरचुदाचा विषारीपणा पाण्याच्या क्षारतेप्रमाणे (आम्ल निष्प्रभ करण्याच्या क्षमतेप्रमाणे) बदलतो, आणि त्याने शेवाळ मेलं की ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं. फॉर्मेलिनही पाण्यातला ऑक्सिजन कमी करतं. पहाटे तोंड वासून उभ्या राहणाऱ्या माशांवर हा उपाय करायचा म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. ही वाट पथकाने लगेच बंद केली आणि दबाव असूनही बंदच ठेवली. सगळ्या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय मी यालाच म्हणेन.

चार, मायक्रोस्कोप उचलून काठावर न्यायचा आणि जिवंत पकडलेल्या माशाच्या कल्ल्यांतल्या पेशी जिवंत असतानाच पाहायच्या. सोबत पाण्याचं तापमान आणि ऑक्सिजन मोजायचा, तोही दुपारी नाही तर सूर्योदयापूर्वी.

चौथी वाट निवडण्यामागचं कारण साधं होतं. पहिले नमुने तरंगणाऱ्या मेलेल्या माशांचे होते. कोमट पाण्यात मेलेल्या माशाचे कल्ले थोड्याच वेळात सडू लागतात. आणि अनेक बाह्य परजीवी यजमान मेला की त्याला सोडून जातात, नाहीतर त्याच्यासोबत विरघळतात. मेलेल्या माशावर टिकून राहतात ती जाड कवचाच्या बीजाणूंनी भरलेली गाठ आणि तिच्यासारख्याच टणक गोष्टी. म्हणजे पहिल्या तपासणीच्या पद्धतीतच एक चाळणी होती, आणि तिच्यातून मिक्सोबोलस तेवढा खाली आला.

काठावरची तपासणी

सुस्त पण जिवंत मासे हलक्या हाताने पकडून जलाशयाच्याच पाण्यात, हवा सोडत ठेवले गेले. भूल देण्यापूर्वी प्रत्येकाच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडून घेतला, कारण भुलीच्या औषधानेही काही परजीवी सुटून पडतात. मग माशाला वेदना होणार नाही अशा रीतीने मारून कल्ल्याचा छोटा तुकडा कापला आणि काचपट्टीवर जलाशयाच्या पाण्याच्या थेंबात ठेवला. नळाचं पाणी वापरायचं नाही. त्यातल्या क्लोरीनने नाजूक आदिजीव, म्हणजे एकपेशीय जीव, लवकर मरतात. रक्त आणि आतल्या अवयवांसाठी मिठाचं द्रावण वापरलं, पण ०.६५ टक्क्यांचं. सस्तन प्राण्यांसाठीचं ०.९ टक्क्यांचं द्रावण गोड्या पाण्यातल्या माशाच्या पेशींना जास्त खारट पडतं आणि त्या आकसतात.

जिवंत पेशी रंगहीन, पारदर्शक असते. साध्या मायक्रोस्कोपखाली ती आसपासच्या पाण्यात हरवून जाते. प्रकाश तिच्यातून जाताना किंचित मागे पडतो, पण हा फरक डोळ्याला कळत नाही. फेज कॉन्ट्रास्ट पद्धत नेमका हा फरक उजेड-अंधारात बदलते. फ्रिट्स झेर्निके यांना तिच्यासाठी १९५३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पथकाकडे तशी भिंगं असलेला एक जुना मायक्रोस्कोप होता आणि बॅटरीवर चालणारा एक साधा. साध्यावर कंडेन्सर (प्रकाश एकवटणारं खालचं भिंग) खाली करून, प्रकाशाचा पडदा आवळून पुरेसं दिसत होतं. पहिली नजर कमी विशालनाची ठेवली, आणि तेच शहाणपणाचं ठरलं. जे शोधायचं होतं ते लहान नव्हतंच.

पहिल्याच माशाच्या कल्ल्यात, त्वचेच्या पेशींच्या खाली दडलेले काळपट गोल दिसले. ते संथपणे, स्वतःभोवती फिरत होते. कडेला सूक्ष्म रोमांची लाट एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकताना दिसत होती, आणि आत घोड्याच्या नालेच्या आकाराचं मोठं केंद्रक. इक्थियोफ्थिरियस मल्टिफिलिस, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग करणारा रोमक आदिजीव. १८७६ पासून तो याच नावाने ओळखला जातो. माशावरची त्याची पोसलेली अवस्था १ मिलिमीटरपर्यंत वाढते, म्हणजे नुसत्या डोळ्यांनाही दिसू शकते. मग आधी कुणाला कशी दिसली नाही? कारण या माशांच्या अंगावर, परांवर ठिपके जवळजवळ नव्हते. संसर्ग कल्ल्यांपुरता होता. आणि हा जीव यजमान मरू लागताच त्याला सोडून पाण्यात उतरतो. मेलेल्या माशावर तो शोधणं म्हणजे उडून गेलेल्या पक्ष्यासाठी घरटं तपासणं.

तपासलेल्या सगळ्या जातींच्या सुस्त माशांत तो सापडला. त्याच काचपट्ट्यांवर कल्ल्यांची अवस्थाही दिसत होती. निरोगी कल्ल्यात पातळ पदर सुटे सुटे उभे असतात, आणि कापल्यानंतरही काही क्षण त्यांच्यातून लंबगोल, केंद्रक असलेल्या तांबड्या पेशी सरकताना दिसतात. इथे पदरांवरची त्वचा जाड झाली होती, शेजारचे पदर एकमेकांना चिकटले होते. पाणी आणि रक्त यांच्यामधलं अंतर वाढलं की ऑक्सिजन पोचायला वेळ लागतो. सूर्योदयापूर्वी मोजलेला ऑक्सिजन आधीच फार खाली होता.

निदान पक्कं करायला आणखी एक गोष्ट केली गेली, आणि ती मला फार आवडते. त्वचेखालून बाहेर काढलेले काही जीव जलाशयाच्या पाण्यात, घड्याळकाचेत (काचेच्या उथळ वाटीत) ठेवले. थोडा वेळ पोहून ते तळाला बसले, त्यांनी चिकट आवरण तयार केलं आणि आत विभाजन सुरू झालं: दोन, चार, आठ. २५ अंशांच्या आसपास हे काम एका दिवसात उरकतं. दुसऱ्या दिवशी आवरण फुटून शेकडो बारीक, चपळ पिल्लं बाहेर पडली, नव्या माशाच्या शोधात. त्यांना एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. पाणी आटून मासे फुगवट्याच्या टोकाला दाटले असताना त्यांना शोधावं फारसं लागतच नव्हतं. मरतूक त्याच भागात का आणि अचानक का, याचं उत्तर त्या घड्याळकाचेत होतं.

रक्तातलं वळण

दुसऱ्या सकाळी कार्पच्या रक्ताच्या थेंबात एक पथकसदस्य थबकला. तांबड्या पेशींना ढकलत काहीतरी वळवळत होतं: लांबट, कडेने लहरणाऱ्या पडद्याचं. ट्रिपॅनोसोमा, रक्तात राहणारा एकपेशीय परजीवी. माशाच्या रक्तातला असा जीव व्हॅलेंटिन यांनी १८४१ मध्येच पाहिला होता. ट्रिपॅनोसोमा हे नाव ग्रुबी यांनी १८४३ मध्ये बेडकाच्या रक्तातल्या जीवाला दिलं. रंगवलेल्या, वाळलेल्या थरात तो पेशींमध्ये हरवू शकतो. जिवंत थेंबात आधी पेशींची हालचाल दिसते आणि मग तो.

इथे खरा निर्णयाचा क्षण आला. फिश ट्रिपॅनोसोमा जळवांमधून पसरतो, आणि या भागात जळवा होत्या. पथकातल्या काहींचा कल अहवालात तिसरा आरोपी जोडण्याकडे झुकला. त्यावर एकाने विचारलं, की धडधाकट माशांच्या रक्तात काय आहे ते कुणी पाहिलंय का? कुणीच पाहिलं नव्हतं. तेव्हा जलाशयाच्या खोल भागातून, जिथे मरतूक नव्हती, तिथून मासे आणून त्याच पद्धतीने तपासले. त्यांच्याही रक्तात ट्रिपॅनोसोमा होते, कल्ल्यांत मिक्सोबोलसच्या गाठीही. इक्थियोफ्थिरियस मात्र एखाददुसराच, आणि कल्ल्यांचे पदर सुटे.

जंगली मासा परजीवींशिवाय सापडणं हाच अपवाद. त्यामुळे ‘परजीवी सापडला’ हे वाक्य एकटं काहीच सांगत नाही. किती माशांत सापडला, एकेका माशात किती होते, आणि आजारी व निरोगी माशांमध्ये फरक काय, हे सोबत लागतं.

काचपट्टीच्या बाबतीतही एक सापळा होता. दुपारच्या नोंदींमध्ये जिवंत परजीवी कमी दिसू लागले आणि संसर्ग ओसरतोय असं वाटलं. नंतर लक्षात आलं की त्या पट्ट्या बनवून बराच वेळ झाला होता. कव्हरस्लिपखालचा थेंब दिव्याने तापतो, कडेने सुकतो, त्यातला ऑक्सिजन संपतो, रोम थांबतात. तेव्हापासून प्रत्येक पट्टीवर वेळ लिहिली गेली, कडा व्हॅसलीनने बंद केल्या, पाहत नसताना दिवा मंद ठेवला. न्यूट्रल रेड या रंगाचा अगदी फिका वापर केला. जिवंत आदिजीव तो आपल्या अन्नपोकळ्यांत साठवतात. रंग थोडा जास्त झाला तर तोच त्यांना मारतो.

काय केलं गेलं

पाण्यात काहीही टाकलं गेलं नाही. मेलेले मासे रोज गोळा करून काठापासून दूर पुरले. दाटीच्या भागात जाळी ओढणं थांबवलं, कारण पकडून सोडलेला लहान मासा जखमी आणि थकलेला असतो. जाळी आणि पाट्या दुसऱ्या पाण्यात नेण्यापूर्वी उन्हात पूर्ण वाळवायच्या. वाळल्यावर इक्थियोफ्थिरियसची कोणतीच अवस्था टिकत नाही. इथून कुठेही मासे हलवायचे नाहीत आणि ठरलेलं मत्स्यबीज सोडणं पुढे ढकलायचं. धरणाचं पाणी सोडणाऱ्यांना विनंती केली, की काही आठवडे पातळी एवढी राखावी की टोकाचा भाग मुख्य पाण्यापासून तुटणार नाही. ती अंशतः मान्य झाली.

मच्छीमारांचा प्रश्न होता, हे मासे खायचे का? इक्थियोफ्थिरियस माणसाला होत नाही. इथे सापडलेले मिक्सोबोलस आणि माशांतले ट्रिपॅनोसोमाही नाहीत. समुद्री माशांतला ॲनिसाकिस हा गोल कृमी किंवा गोड्या पाण्यातल्या माशांतून येणारे यकृतातले चपटे कृमी यांच्याबाबत असं म्हणता येत नाही, म्हणून ओळख आधी पटवावी लागते. जिवंत पकडलेला, नीट शिजवलेला मासा चालेल. मेलेला सापडलेला नको, असं स्पष्ट सांगितलं गेलं.

परिणाम

काही आठवड्यांत मरतूक उतरली आणि थांबली. पातळी टिकल्याने गर्दी सैल झाली होती. उन्हाळा वाढला तसं उथळ पाणी ३० अंशांच्या वर गेलं, आणि त्या तापमानाला इक्थियोफ्थिरियसची वाढ खुंटते. वाचलेल्या माशांत प्रतिकारशक्तीही आली होती. तिन्ही गोष्टी एकाच काळात घडल्या. पातळी राखल्यामुळेच मरतूक थांबली असा दावा अहवालात केलेला नाही, आणि ते योग्यच आहे.

प्रतिकारशक्तीचा मुद्दा मात्र प्रत्यक्ष पाहता आला. वाचलेल्या माशांच्या रक्ताचं सीरम आणि ताजी, पोहणारी पिल्लं एका थेंबात एकत्र केली. पिल्लांचे रोम अडखळले, ती एकमेकांना चिकटून थांबली. मरतुकीच्या जागेपासून दूरच्या माशांच्या सीरममध्ये ती पोहतच राहिली. माशाच्या रक्तातली प्रतिद्रव्यं या जीवाच्या रोमांवरच्या प्रथिनांना धरतात, म्हणून असं होतं. पुस्तकात वाचलेली ही गोष्ट काठावरच्या टेबलावर समोर घडताना पाहून पथकातली नवीन मुलं त्या दिवशी जेवायला उठायला तयार नव्हती.

काय वेगळं करता आलं असतं

निरोगी माशांशी तुलना पहिल्याच दिवशी हवी होती. ती झाली असती तर मिक्सोबोलसचं नाव ‘कारण’ म्हणून नाही, ‘आढळ’ म्हणून लिहिलं गेलं असतं, आणि औषधाच्या मागणीला एवढं बळ मिळालं नसतं.

छेद घेणं सोडून द्यावं असा याचा अर्थ नाही. पदर किती जाड झाले, कुठे चिकटले, हे छेदातच मोजता येतं. पण नमुना नुकत्याच मारलेल्या माशाचा हवा, आणि तुकडा फॉर्मेलिनमध्ये टाकण्याआधी त्याचाच दुसरा तुकडा जिवंत पाहिलेला हवा. तिसरा अल्कोहोलमध्ये. एका माशाचे तीन तुकडे करायला फार वेळ लागत नाही.

चित्रीकरणही राहून गेलं. आयपीसला मोबाइल लावून काही सेकंदांची चित्रफीत घेतली असती, तर फिरणारा तो गोल दूरच्या तज्ज्ञाला त्याच संध्याकाळी दाखवता आला असता. काठावरच्या निरीक्षणांचा पुरावा म्हणून उरल्या त्या हाताने काढलेल्या आकृत्या. त्या चांगल्या आहेत, पण त्यांत हालचाल नाही, आणि इथे ओळख पटली ती हालचालीवरून.

पहाटेचा ऑक्सिजन मोजायला उशीर झाला. आधीच्या सगळ्या नोंदी दुपारच्या होत्या. तेव्हा शेवाळ ऑक्सिजन सोडत असतं आणि आकडे चांगले दिसतात.

आणि मच्छीमारांचा तो परिच्छेद. अनेक जाती, पहाटेची वेळ, अचानक सुरुवात: निदानाला लागणारी तिन्ही सूत्रं त्यात होती. नमुने प्रयोगशाळेत पोचले तेव्हा कागद एका टेबलावर आणि बाटल्या दुसऱ्या टेबलावर गेल्या. आता तिथल्या नोंदवहीत हा मजकूर काचपट्टीच्या क्रमांकाशेजारीच उतरवतात, आणि छेद पाहणाऱ्याने तो वाचल्याची सही केल्याशिवाय अहवाल बाहेर जात नाही.

मत्स्यबीज पुढच्या हंगामात सोडलं गेलं, तेही आलेल्या पिल्लांपैकी काहींचे कल्ले काठावरच जिवंत पाहिल्यानंतर.